मानधन कापतात का?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो. गेलो होतो संस्थेचा साक्षीदार म्हणून. पाऊण तासानं खाली उतरलो तेव्हा समोरच्या वकीलबाई शांतपणे टिपणं आवरत होत्या आणि आमचे वकील फाइलची नाडी नको इतकी आवळत होते. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. जे बोललो ते सगळं माझ्याच हस्ताक्षरात वहीत लिहिलेलं होतं.

एका धर्मादाय संस्थेत मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिले. संस्थेचं नाव देत नाही. माणसं वाईट नव्हती, अजून अधूनमधून फोन येतो. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की पलंग, व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी असं साहित्य अनामत ठेवून जुजबी भाड्यानं द्यायचं, हे तिथलं मुख्य काम. गोदाम वरच्या मजल्यावर, देवघेव खाली, आणि मधे माललिफ्ट. लिफ्ट म्हणजे काय, तर पत्र्याची पेटी, वर मोटर आणि एक वायररोप.

जुलै २०१८ मध्ये तो वायररोप तुटला. पेटीत लोखंडी पलंग होता. तिघं जखमी झाले. लिफ्टच्या देखभालीचा ठेका ज्याच्याकडे होता त्याचा मेकॅनिक योगायोगानं तिथेच होता, त्याचं पाऊल चिरडलं. कॉलेजचा एक मुलगा सुट्टीच्या दिवशी हौसेनं मदतीला यायचा, त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आणि काकू. काकूंचा उजवा हात पेटी आणि चौकट यांच्यात सापडला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून काढावं लागलं.

वायररोप एकच, पेटी एकच, घडी एकच. तरी वर्षभरात तिघांचे कागद तीन वेगवेगळ्या इमारतींत गेले, आणि का गेले हे समजायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

मेकॅनिकचं सगळ्यात सोपं. ठेकेदारानं त्याचा ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, भरला होता. अपघाताचा फॉर्म १२ भरला, विमा महामंडळाच्या स्थानिक कार्यालयात दिला, रजेच्या काळात रोजाच्या ९० टक्के पैसे सुरू झाले. पाय किती टक्के निकामी झाला ते मेडिकल बोर्ड ठरवणार, त्यावर भांडण झालंच तर ते विमा न्यायालयात. मालकाकडून वेगळी भरपाई मात्र त्याला मागता येत नाही. १९४८ च्या विमा कायद्याच्या कलम ५३ नं ते दार बंद केलंय: नुकसानभरपाई आयुक्तांकडेही नाही आणि दिवाणी कोर्टातही नाही. सर्वोच्च न्यायालयानंही १९९६-९७ च्या दोन निकालांत हेच सांगितलंय. मला आधी हा अन्याय वाटला. नंतर काकूंची फरफट पाहिली आणि वाटलं, एकच दार असलं तरी चालेल, ते कुठे आहे एवढं माणसाला कळलं म्हणजे झालं.

आता काकू. त्या सहा वर्षं रोज सकाळी दहा ते दोन यायच्या. गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडे. कुठला पलंग कुणाकडे गेला, कुणाची अनामत परत द्यायची, सगळं त्यांच्या डोक्यात. महिन्याला त्यांना ४,५०० रुपये मिळायचे आणि ३०० रुपये वेगळे. व्हाऊचर मी करायचो. ४,५०० चं व्हाऊचर ‘मानधन’, ३०० चं ‘प्रवासखर्च’. पाच हजारांच्या आतली पावती, त्यामुळे रेव्हेन्यू स्टॅम्पही लागायचा नाही. सही घ्यायची, शिवायचं, झालं.

‘मानधन’ हा शब्द आमच्या कार्यवाहांचा. मी नवीन होतो तेव्हा एकदा सवयीनं ‘पगार’ लिहिलं, तर त्यांनी व्हाऊचर परत पाठवलं. म्हणाले, पगार लिहिलात की पीएफ येतो, ग्रॅच्युइटी येते, किमान वेतन येतं. ही माणसं सेवा करतात, आपण मान म्हणून देतो. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायची गरजही पडली नाही, शब्दच इतका देखणा आहे. मान आणि धन. कोण नाही म्हणेल?

अपघातानंतर संस्थेनं काकूंचं हॉस्पिटलचं बिल निम्मं भरलं आणि विषय संपला असं मानलं. काकूंच्या जावयानं संपू दिला नाही. त्यानं ओळखीच्या वकिलांकडून दिवाणी दावा तयार करून घेतला, कोर्ट फी किती लागेल याचा हिशेबही झाला. तेवढ्यात कुणीतरी त्यांना कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, हा दावा दाखल केलात तर दुसरं दार बंद होईल.

तो किस्सा काकूंनी मला नंतर सांगितला. त्यानंतरचाही एक सांगितला, तो असा. बाईंनी सांगितलं होतं, ‘आयुक्तांकडे अर्ज करायचाय, कागद घेऊन तिथे या.’ काकू रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, आयुक्तांचं ऑफिस. रिक्षावाल्यानं नेलं महापालिकेत. तिथल्या शिपायानं संस्थेचं नाव वाचलं आणि पाठवलं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. हाताला बँडेज, पिशवीत एक्सरे, वर पाऊस. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालचे ‘आयुक्त’ म्हणजे आमच्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच, ते त्याच कोर्टात बसतात आणि दारावर पाटी कामगार न्यायालयाचीच असते, हे त्यांना कोण सांगणार? मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर पंचवीसेक वर्षं धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबपत्रकं नेऊन देत होतो.

दार बंद होईल म्हणजे काय, ते बाईंनी त्यांना समजावलं ते असं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात कलम ३(५) आहे. त्याच जखमेसाठी दिवाणी कोर्टात दावा लावलात तर या कायद्याखालची भरपाई मागता येत नाही, आणि इथे अर्ज केलात तर तिथे दावा चालत नाही. शिवाय कलम १९: अमुक माणूस कर्मचारी आहे की नाही, हा प्रश्न या कायद्याखाली उठला तर तो आयुक्तच सोडवणार, दिवाणी कोर्टाला त्यात हात घालता येत नाही.

आणि दोन दारांत फरक काय? दिवाणी कोर्टात संस्थेची चूक सिद्ध करावी लागते. वायररोप शेवटचा कधी तपासला, कुणी हयगय केली, तुम्ही स्वतः हात का घातलात, हे सगळं. आयुक्तांपुढे चूक कुणाची हा प्रश्नच नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं दाखवलं की पुरे. रक्कमही कुणाच्या दयेवर नाही, तक्त्यात छापलेली आहे. पण त्या दारातून आत जायला एक अट: तुम्ही कर्मचारी असायला हवं. स्वयंसेवकाला तिथे जागा नाही.

म्हणजे काकूंची दोन बोटं कुठल्या कोर्टात मोजली जाणार, हे माझ्या व्हाऊचरवरच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

बाईंनी अजून एक विचारलं म्हणे, की अर्ज इथेच करायचा का? अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता ते ठिकाण किंवा संस्थेचं नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठल्याही आयुक्तांकडे करता येतो. काकू तेव्हा लेकीकडे, शेजारच्या जिल्ह्यात राहायला गेल्या होत्या. तिथे अर्ज केला असता तर दर तारखेला आम्हाला एसटीनं जावं लागलं असतं. काकू म्हणाल्या, नको, भाऊंना त्रास होईल. भाऊ म्हणजे मी. हे मला कळलं तेव्हा मी संस्थेच्या बाजूनं साक्षीला उभा राहायचं कबूल करून बसलो होतो.

मुलाच्या वडिलांनी मात्र सरळ दिवाणी दावा लावला. त्यांचा प्रश्नच नव्हता. त्या मुलाला संस्थेनं एक रुपयाही कधी दिला नव्हता, फार तर वर्षाअखेरीस प्रमाणपत्र दिलं असेल. शुद्ध स्वयंसेवक. आणि दिवाणी कोर्टाचा नियम असा की जिथे स्पष्ट बंदी नाही तिथे सगळे दिवाणी वाद त्याचेच.

आता गंमत ऐका. दोन्हीकडे आमचे वकील एकच. काकूंच्या अर्जाला उत्तर दिलं: अर्जदार या सेवाभावी स्वयंसेवक आहेत, कर्मचारी नाहीत, सबब या न्यायालयास अधिकार नाही. मुलाच्या दाव्यातली कैफियत, म्हणजे आमचं लेखी उत्तर: वादी हा संस्थेच्या देखरेखीखाली, इतर कर्मचाऱ्यांप्रमाणेच काम करीत होता, सबब दिवाणी न्यायालयास अधिकार नाही. दोन्हींखाली एकाच कार्यवाहांची सही. महिना पगार घेऊन किल्ल्या सांभाळणारी बाई स्वयंसेवक आणि फुकट राबणारा पोरगा कर्मचारी! (‘पगार’ लिहिलं मी. असू द्या, इथे कुणी व्हाऊचर परत पाठवणार नाही.) दोन्ही कागदांच्या झेरॉक्स मीच काढल्या होत्या, म्हणून लक्षात आलं. कार्यवाहांना म्हटलं, तर ते म्हणाले, कोर्टं वेगळी आहेत ना.

कोर्टं वेगळी होती. बाररूम एकच होती. मुलाच्या वकिलांनी काकूंच्या प्रकरणातल्या उत्तराची नक्कल मिळवली आणि वकीलबाईंनी मुलाच्या प्रकरणातल्या कैफियतीची.

आमच्या वकिलांना तिसराही एक मुद्दा सुचला होता: काकू कर्मचारी ठरल्याच, तर त्या ईएसआयखाली येतील, मग कलम ५३ लागेल आणि आयुक्तांचा अधिकार जाईल. हुशार माणूस. कार्यवाह खूश झाले, मला म्हणाले, आकडे काढा. काढले. मस्टरवर नऊ जण, सेवा-नोंदवहीत काकूंसारखे चौदा सेवेकरी. बेरीज तेवीस. पीएफचा कायदा वीस माणसांवर लागू होतो, विम्याची मर्यादा त्याहून वर नाही. म्हणजे हा मुद्दा मांडायचा तर सेवेकरी कर्मचारी आहेत हे आपणच लिहून द्यायचं, आणि मग मागच्या सगळ्या वर्षांची वर्गणी कोण भरणार? तो कागद वकिलांच्या टेबलावरून परत आला. समोरूनही तो मुद्दा कुणी काढला नाही. त्यांनी तरी का काढावा!

साक्षीचा दिवस. सरतपासात, म्हणजे आमच्याच वकिलांनी प्रश्न विचारले तेव्हा, मी शिकवल्यासारखं सांगितलं: मानधन देत होतो, सेवेकरी आहेत, पगारपत्रकात नाव नाही. मग वकीलबाई उठल्या. त्यांच्या हातात माझीच सेवा-नोंदवही होती, कोर्टानं मागवून घेतलेली.

‘ही वही कोण लिहितं?’

‘मी.’

‘हे रकाने कशाचे आहेत?’

‘आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही.’

‘आणि हा र?’

मी थोडा थांबलो. ‘रजा.’

‘रजा कोण मंजूर करायचं?’

‘कार्यवाह. अर्ज द्यावा लागायचा.’

‘मार्चच्या पानावर लाल शाईत ४५० लिहिलंय. ते काय आहे?’

मला तो मार्च आठवत होता. काकूंच्या नातीला गोवर झाला होता, त्या तीन दिवस आल्या नव्हत्या आणि अर्जही दिला नव्हता. ४,५०० भागिले ३०, दिवसाचे १५०. तीन दिवसांचे ४५०.

‘कपात,’ मी म्हणालो.

‘मानधन कापतात का?’

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं. न्यायाधीश साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि टंकलेखकाला सांगितलं, ‘लिहा, साक्षीदार गप्प राहिला.’ मी पटकन म्हणालो, ‘कापायचो, साहेब.’ तेही लिहिलं गेलं. मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. उजवा हात पदराखाली.

मधे करोनाचं वर्ष गेलं. आदेश आला २०२१ च्या ऑगस्टमध्ये. आयुक्तांनी आधी अधिकाराचा मुद्दा घेतला आणि सरळ सांगितलं की नावाला काय ते म्हणा. कामाची वेळ संस्थेनं ठरवली, रजा संस्थेनं दिली, गैरहजेरीचे पैसे संस्थेनं कापले, तेव्हा हे नातं मालक आणि कर्मचाऱ्याचंच.

पुढचा भाग मला माझ्या धंद्याचा, म्हणून मी परत परत मोजून पाहिला. मासिक वेतन ४,५००. प्रवासाचे ३०० धरले नाहीत, कारण कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येतून प्रवासभत्ता वगळलेला आहे. त्याचे ६० टक्के, म्हणजे २,७००. काकूंचं वय तेव्हा ४५, त्याला चौथ्या अनुसूचीतला गुणक १६९.४४. गुणाकार ४,५७,४८८. ही रक्कम कायमच्या पूर्ण अपंगत्वाची. पहिल्या अनुसूचीत प्रत्येक अवयवाला टक्का आहे: अख्खी तर्जनी १४, अख्खं मधलं बोट १२. मिळून २६ टक्के. १,१८,९४७ रुपये. अपघातानंतर महिन्याभरात पैसे द्यायला हवे होते, दिले नाहीत म्हणून १२ टक्के दरानं तीन वर्षांचं साधं व्याज, ते ४२,८२१. शिवाय बिलांचा उरलेला खर्च. रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही लावता येतो, तो साहेबांनी लावला नाही.

उजव्या हाताची दोन बोटं, सहा वर्षं कुलपं उघडणारी, २६ टक्के. अंगठा असता तर एकट्याचे ३० मिळाले असते. तक्ता १९२३ च्या कायद्यातला, तो तयार करणाऱ्यांनी कुणाला पोळी लाटताना पाहिलं असेल असं वाटत नाही. पण निदान तक्ता आहे, हेही खरं.

कार्यवाहांना उच्च न्यायालयात जायचं होतं. वकिलांनी सांगितलं, अपिलाबरोबर पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला लावावा लागतो, आणि अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. पैसे भरायचेच आहेत म्हटल्यावर उत्साह ओसरला.

मुलाचा दावा लोकअदालतीत मिटला. लिफ्टच्या तपासणीचे कागद आम्हाला सापडले नाहीत, आणि पहिली कैफियत आता आम्हालाच नको झाली होती. हॉस्पिटलचा खर्च आणि वर थोडी रक्कम ठरली, कोर्ट फी त्यांना परत मिळाली. त्याच्या वडिलांनी जाताना मला विचारलं, ‘तुमच्याकडे स्वयंसेवकांचा अपघात विमा नव्हता का हो?’ नव्हता. वर्षाचा हप्ता किती येतो ते मी मागे एकदा कोटेशन घेऊन ठेवलं होतं. ते फाइलला आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. त्यांना देतात तेही ‘मानधन’च, आणि कोर्टानं त्याला वेतन म्हटलं. पेपरात ती बातमी वाचताना मी चहा गार केला. आशांना तर आपण नावातच ‘स्वयंसेविका’ करून ठेवलंय. सरकारलाही आमच्या कार्यवाहांसारखा शब्द सापडला, एवढंच.

हे सगळं जुन्या कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यात १९२३ चा कायदाही आला आणि विम्याचाही, आणि ‘आयुक्तां’च्या जागी आता ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आहे. रिक्षावाल्याला काय सांगायचं ते नव्या लोकांनी बघावं.

आदेशानंतर डिमांड ड्राफ्ट काढला तो मीच. टॅलीत नोंद करायला बसलो आणि अडलो. काकूंचं खातं ‘मानधन (सेवेकरी)’ या शीर्षाखाली होतं, रक्कम तिथे टाकता येईना. नवीन खातं उघडलं: ‘कर्मचारी नुकसानभरपाई’. त्यात एकच नोंद.

मार्चअखेर ऑडिटरचा फोन आला. म्हणाले, या बाई कर्मचारी कशा? तुमच्या पगारपत्रकात कुठेच नाहीत.

मी म्हटलं, आदेशाची प्रत पाठवतो.

त्यांनी ती वाचून पुन्हा फोन केला. ‘मग मागच्या सहा वर्षांच्या नोंदींचं काय?’

‘ती वर्षं बंद झालीत,’ मी म्हणालो.